टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या

खोलीत उजेड कमी आहे. अशा वेळी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. या रुग्णाच्या दोन्ही बाहुल्या मात्र २ मिलिमीटरपेक्षाही लहान आहेत.

बाहुलीच्या कडेला गोल स्नायू असतो, तो तिला आवळतो. दुसरा स्नायू तिला बाहेर ओढून उघडतो. पहिल्याचा जोर वाढला किंवा दुसऱ्याचा गेला की बाहुली बारीक होते. दोन्ही डोळ्यांत एकदम असं झालं, तर आधी औषध किंवा विषाचा संशय घ्यायचा.

मॉर्फिन, हेरॉईन, फेंटानिल ही सगळी अफूच्या जातीची. शुद्ध हरपलेली, श्वास मंदावलेला आणि बाहुल्या आवळलेल्या, असं त्रिकूट दिसलं तर जीव श्वासावर अडकलेला असतो. म्हणून श्वासाला आधार आणि नॅलोक्सोन, म्हणजे या औषधांवरचा उतारा. नॅलोक्सोनचा असर मूळ औषधाआधी ओसरू शकतो, त्यामुळे जागा झालेला रुग्णही नजरेआड करायचा नाही.

ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकांचं चित्र वेगळं. इथे सगळं ओलं असतं: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर. ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचा संदेश पोचवणारं रसायन; ते मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं आणि स्नायूंना आवळण्याचा संदेश थांबतच नाही. सारिन वायूही हेच करतो. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत तो सोडला गेला, तेव्हा अनेक प्रवाशांची तक्रार होती की डोळ्यांपुढे अंधारलंय. उतारा ॲट्रोपिनचा; पण तो पुरेसा झाला का, हे बाहुलीवरून नाही, छाती कोरडी झाली का यावरून ठरवतात. हे विसरलं तर उपचार चुकतो.

म्हातारपणी बाहुल्या थोड्या लहान होतातच. काचबिंदूचे पायलोकार्पिन थेंब, रक्तदाबाचं औषध क्लोनिडीन, डोळ्यातली सूज हीही कारणं असतात. जुन्या सिफिलिसमध्ये बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत, पण जवळचं पाहताना आवळतात. १८६९ मध्ये स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ डग्लस आर्गिल रॉबर्टसन यांनी याचं वर्णन केलं.

आणि मेंदूच्या खोडातला, पॉन्समधला रक्तस्राव. रुग्ण बेशुद्ध, हातपाय लुळे. बाहुल्या इतक्या बारीक की उजेडाला त्या हलतात हे भिंगातूनच दिसतं. अफूचा अंमल वाटावा असंच हे दृश्य. नॅलोक्सोनने काही फरक पडला नाही, तर थांबायचं नाही, मेंदूचा सीटी स्कॅन ताबडतोब करायचा.