आस्कंदाची मुळी आणि मनाची धास्ती

माघ सरत आला की अकोला जिल्ह्यातील या हलक्या, निचऱ्याच्या वावरात अश्वगंधेची पाने वाळू लागतात आणि कागदी आवरणातली फळे लालभडक होतात. काढणीची हीच खूण. कुदळीने माती सैल करून झाड मुळासकट अलगद उपटले जाते, कारण मुळी तुटली की भावही तुटतो. पाला धुऱ्यावरच राहतो. औषधासाठी फक्त मुळी वापरावी, पाने नव्हेत, असे आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये उत्पादकांना सुचवले आहे. धुतलेल्या मुळ्यांचे बोटभर तुकडे अंगणात ताडपत्रीवर वाळत पडतात. मोडताना कट्कन आवाज आला आणि आतून पांढरीशुभ्र निघाली, तर मुळी पहिल्या प्रतीची. ही पारख या बायांच्या हातात आहे. ओल्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा उग्र वास येतो, म्हणून ती अश्वगंधा. जुनी माणसे तिला आस्कंद म्हणतात.

या मुळीने मनाची धास्ती उतरते, हा समज आता केवळ वैद्यांच्या अनुभवावर उभा नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत सततच्या ताणाखाली असलेल्या ६४ प्रौढांपैकी काहींना मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, तर इतरांना तशीच दिसणारी बिनऔषधी कॅप्सूल ६० दिवस देण्यात आली आणि कोणाला काय मिळाले हे ना घेणाऱ्याला ठाऊक होते, ना तपासणाऱ्याला. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. इतरांचे जेमतेम ८ टक्क्यांनी. पुढे २०२२ मध्ये १२ चाचण्यांतील १,००२ जणांची माहिती एकत्र तपासली असता चिंता आणि ताण दोन्ही कमी झाल्याचे दिसले, मात्र पुराव्याची खात्री कमी असल्याचे संशोधकांनीच नोंदवले. चाचण्या लहान आहेत, बहुतेक दोन-तीन महिन्यांत संपलेल्या, आणि काहींना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचाच पैसा लागलेला आहे. तरीही साध्या मुळीच्या बाजूने इतके सातत्य दिसावे, ही आमच्या मते दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

मात्र चाचणीतल्या अर्कात विथॅनोलाइडचे, म्हणजे मुळीतल्या गुणकारी मानल्या जाणाऱ्या घटकांचे, प्रमाण मोजून ठरवलेले असते, घरी उखळात कुटलेल्या मुळीच्या चूर्णात नसते. गर्भवतींनी अश्वगंधा टाळावी, थायरॉइडचे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

ऊन कलते. पोत्याचे तोंड सुतळीने शिवले जाते, आणि सुपात उरलेले बारीक तुकडे घरच्यासाठी बाजूला काढले जातात.