५०० ग्रॅम तेल, ७३ ग्रॅम कॉस्टिक

पडद्यावर दिसतो आहे तो सिंधुदुर्गातला लाकडी घाणा. कडकडीत उन्हात वाळवलेले खोबरे त्यात पडते आणि थोड्याच वेळात तेलाची धार लागते. हे तेल स्वयंपाकात जाते, केसांना लागते, आणि या घरात त्यातले थोडे साबणासाठी बाजूला काढले जाते.

छंद म्हणून साबण करणारे पुष्कळ जण तयार ठोकळा आणून वितळवतात आणि रंग-सुगंध घालून साच्यात ओततात. इथे मात्र साबण तेलापासून घडतो, आणि त्याला कॉस्टिक सोडा लागतोच. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिकमुळे ती सुटतात, त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे राहते. हे रहस्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी उलगडले आणि १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढले जाते; घरच्या वडीत ते तसेच राहते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही हा खटाटोप करावा असा आहे.

आता वजनकाट्याकडे पाहा. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे ९१.५ ग्रॅम कॉस्टिक लागतो. काट्यावर मात्र ७३ चा आकडा आहे, कारण निव्वळ खोबरेलाचा साबण मळाबरोबर त्वचेचा स्निग्धपणाही ओढून नेतो. म्हणून कॉस्टिक मुद्दाम पाचव्या हिश्शाने कमी घेतला जातो आणि तेवढे तेल वडीत शिल्लक राहते. वाटी-चमच्याच्या मापाने हे काम होत नाही.

कॉस्टिक पाण्यात घालायचा. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. १६५ ग्रॅम गार पाण्यात पांढऱ्या पापड्या पडताच वाफ उठते आणि चुलीवर न ठेवताही पाणी पाहता पाहता कढत होते. भांडे स्टीलचे आहे, कारण अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकने खाल्ले जाते. हातमोजे आणि चष्मा हवाच. थेंब उडाला तर त्वचा भाजते आणि ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावी लागते.

कॉस्टिकचे पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडर फिरवला जातो. आधी पारदर्शक असलेले तेल गढूळ होते, मग दुधाळ, आणि शेवटी धिरड्याच्या पिठासारखे दाट; वरून सोडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर तशीच राहिली की ते साच्यात ओतायचे. खोबरेलाचा साबण लवकर टणक होतो, त्यामुळे वड्या त्याच दिवशी, ठोकळा किंचित ऊबदार असतानाच कापाव्या लागतात. उशीर झाला की सुरीखाली कडा तुटतात.

पुढे सहा आठवडे या वड्या फळीवर सुट्या ठेवल्या जातात. त्यांतले पाणी उडून त्या घट्ट होतात. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि वड्यांना घाम फुटतो, म्हणून इथे हे काम दिवाळीनंतरच काढतात.

किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळ पाणी असते; तिथे हा साबण खरा उपयोगी पडतो, कारण खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. विक्रीसाठी अंगाचा साबण करायचा तर परवाना लागतो. या घरातल्या वड्या शेजारीपाजारी आणि माहेरी जातात.