उजेड गेला, ऑक्झिन आलं

हे पिवळे ठिपके नीट बघा. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याच्या मुळाचं हे टोक. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं केंद्रक. आता रोप आडवं केलंय. खालच्या बाजूवर नजर ठेवा.

पाच मिनिटं झालीत. खालचे ठिपके मंदावू लागलेत. वरचे अजून तसेच चमकतायत.

ही चमक व्हीनस नावाच्या प्रथिनाची. जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनात फेरफार करून ते तयार झालंय. 2012 साली त्याला डीआयआय नावाचं शेपूट जोडून त्याचं जनुक या रोपात घातलं गेलं. गंमत त्या शेपटातच आहे. वनस्पतीची वाढ आणि वळणं ठरवणारं ऑक्झिन हे संप्रेरक आलं, की पेशी ते शेपूट हेरते आणि अख्खं प्रथिन मोडीत काढते. म्हणजे दिवा विझला, तिथं ऑक्झिन आलं. सगळा हिशेब उलटा, पण डोळ्यांना चटकन सवय होते.

याआधी, 1997 पासून, ऑक्झिन शोधायला डीआर5 नावाचं साधन वापरात होतं. ऑक्झिनमुळे जनुकं चालू झाली की ते रंग दाखवायचं. उपयोगी खरंच, आजही आहे. पण ते अंगण ओलं बघून पाऊस पडून गेला म्हणण्यासारखं. पाऊस पडताना बघायचा, तर डीआयआय-व्हीनस बरं.

त्याचीही एक अडचण आहेच. मोडलेलं प्रथिन पेशीला नव्यानं बनवावं लागतं, त्यामुळे ऑक्झिन ओसरलं तरी दिवा लगेच पेटत नाही.

2021 मध्ये आलेल्या ऑक्ससेन या नव्या ऑक्झिन-संवेदकानं ही मोडतोड टाळली. ई. कोलाय या जिवाणूत ट्रिप्टोफॅन ओळखणारं एक प्रथिन असतं. ट्रिप्टोफॅन आणि ऑक्झिन रचनेनं एकमेकांच्या जवळचे. वनस्पती ट्रिप्टोफॅनपासूनच ऑक्झिन घडवते. त्या प्रथिनाची खाच थोडीथोडी बदलत नेऊन तिच्यात ऑक्झिन बसेल असं केलं, आणि त्याला दोन रंगांची चमकणारी प्रथिनं जोडली. ऑक्झिन खाचेत बसलं की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाण्याचं प्रमाण बदलतं. दोघांमधलं अंतर 10 नॅनोमीटरच्या आत असेल तरच हे जमतं. ऑक्झिन निघून गेलं, की रंग पूर्ववत.

पुन्हा आपल्या मुळाकडे येऊ. टोक आता आडव्या रेषेखाली साधारण 40 अंश झुकलंय. खालच्या-वरच्या बाजूंतला फरक मिटलाय, ठिपके पुन्हा सारखे दिसतायत. मूळ मात्र अजून वळतंच आहे.