किती वाढलास रे!

नमस्कार, श्रोतेहो.

एकाच मांडवात ऐकू येणारी तीन वाक्यं घ्या. पंगतीत पाहुणे म्हणतात, ‘भात थोडाच वाढा.’ आजी नातवाला म्हणते, ‘किती वाढलास रे!’ आणि गुरुजी सांगतात, ‘यजमान, नारळ वाढवा.’ एक वाढणं ताटातलं, एक अंगाचं, आणि तिसऱ्यात तर चक्क फोडाफोडी.

मोठं होण्याच्या अर्थाचं वाढणं कुठून आलं, हे स्वच्छ दिसतं. संस्कृत धातू वृध्. ‘वर्धते’चं प्राकृतात ‘वड्ढइ’ झालं. मराठीत येताना जोडाक्षरातला एक वर्ण गळला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: वाढ. सप्त, सत्त, सात किंवा हस्त, हत्थ, हात, तीच ही वाट. हिंदीनं मात्र स्वर ऱ्हस्वच ठेवला, म्हणून तिकडे ‘बढ़ना’.

ताटातलं आणि अंगाचं वाढणं वर्तमानकाळात ओळखू येत नाही. ‘ती वाढते’ म्हणजे उंच होते की आमटी वाढते? भूतकाळात घालून पाहा, लगेच उलगडा होतो. ‘मुलगी वाढली’ इथे ‘ने’ नाही. ‘मुलीने भात वाढला’ इथे ‘ने’ आला आणि क्रियापद भाताच्या मागे गेलं. म्हणजे पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक. मराठी नव्यानं शिकणारे हमखास इथेच अडखळतात: ‘मी भात वाढलो’ म्हणतात आणि पंगत हसते.

आता नारळ. देवापुढे ‘फोडा’ म्हणणं अशुभ, म्हणून वाढवा. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात, त्याच जातीची ही बोली. पण गंमत अशी, की संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातू आणि त्यांचे अर्थ देणाऱ्या जुन्या यादीत, ‘वर्ध छेदनपूरणयोः’ असा एक वेगळा धातू आहे. छेदन म्हणजे कापणं, पूरण म्हणजे भरणं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ‘नाभिवर्धन’ येतं, ते नाळ कापण्याबद्दल. सुताराला संस्कृतात वर्धकि म्हणतात, त्यावरूनच हिंदीतला ‘बढ़ई’. मग आपला नारळ या कापण्यातून आला, आणि ताट वाढणं या भरण्यातून? मोह होतो खरा, पण आवरावा. धातुपाठात अर्थ नोंदलेला असणं आणि तो बोलीत वापरात उतरलेला असणं, या दोन गोष्टी निराळ्या. नारळाला शुभ बोलण्याची सवय पुरेशी आहे.

कापण्यातून वाढ होते, हे शेतकऱ्याला मात्र कोशाशिवाय ठाऊक असतं. हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते त्यासाठीच. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक पानांच्या बगलेतल्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की त्या कळ्या फुटतात आणि फांद्या वाढतात. खुडायचं ते फुलोऱ्याच्या आधी, आणि फक्त कोवळं टोक. फुलं लागल्यावर खुडाल, तर फुलंच हातात येतील.

जाता जाता लेखनाचं. ‘वृद्धी’ एकटी असताना दीर्घ, पण समासात ऱ्हस्व: वृद्धिदर. ‘वृद्धिंगत’मध्येही ‘द्धि’ ऱ्हस्वच. निमंत्रणपत्रिकांत हा शब्द बहुतेकदा चुकलेला असतो. आणि वर्धापनदिन संस्थेचा असतो, माणसाचा वाढदिवस.

नमस्कार.