पावती, खिळे आणि बिनव्याजी हप्ता

(मराठी मंडळातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘निर्वासिताचे घर आणि स्वयंसेवकाचे काम’ असे शीर्षक पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे हातोडा, हेल्मेट आणि रंगाचे डबे आले असतील. माझे म्हणणे मात्र असे की, येथे अमेरिकेत, कोलंबस शहरात, ज्या भूतानी निर्वासित कुटुंबांनी स्वतःचे घर केले, त्यांच्या वाटचालीत भिंत उभारणे हा सर्वांत सोपा भाग होता, आणि आपल्यासारख्या, देवनागरी वाचू शकणाऱ्या मंडळींची खरी गरज टेबलापाशी, कागदांच्या ढिगाऱ्यापाशी आहे.

त्यासाठी थोडे मागे, दक्षिण भूतानात, जावे लागेल. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर १९८८ मध्ये तेथे जनगणना झाली, तेव्हा नेपाळीभाषक ल्होत्साम्पा शेतकऱ्यांकडे १९५८ सालच्या जमीन-कराची पावती मागण्यात आली. तीस वर्षांपूर्वीची, आणि तीही नेमक्या त्याच वर्षाची! १९५७ ची दाखवली तरी चालली नाही, असे ही माणसे आजही सांगतात. सातबाऱ्यावरच्या एका चुकीच्या नोंदीपायी ज्यांच्या वडिलांनी तलाठ्याकडे आयुष्यभर हेलपाटे घातले, अशा श्रोत्यांना याहून अधिक फोड करून सांगायला नको. पावती नसलेला परका ठरला. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हजारो कुटुंबे देशाबाहेर पडली. त्यांतील अनेकांकडून ‘आम्ही स्वखुशीने जात आहोत’ अशा मजकुरावर सह्या घेतल्या गेल्या. आणि पूर्व नेपाळमधील झापा व मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांत, लाखभर माणसे जवळजवळ दोन दशके राहिली. पुढे आठ देशांनी मिळून एक लाखाहून अधिक जणांना आश्रय दिला, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आले.

आता आमच्या बाजेंची गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे आजोबांना बाजे म्हणतात, आणि आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांच्या मुलाच्या नावावर घर मंजूर झाले तेव्हा आम्ही मंडळी एका शनिवारी ते बांधण्याच्या कामावर स्वयंसेवक म्हणून गेलो. आमच्यातले संगणकवाले हातोडा त्याच्या मानेपाशी धरून खिळ्याला गोंजारत होते. भिंतीच्या सांगाड्यात लाकडाच्या उभ्या पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर ठोकायच्या असतात. बाजेंनी मोजपट्टी बाजूला ठेवून दोन वितींना दोन-तीन बोटे कमी असा हिशेब लावला, आणि तो बरोबर आला. दर पावसाळ्यानंतर ज्याने छावणीतले छप्पर नव्याने शाकारले, त्याला आम्ही काय शिकवणार? त्या दिवशी आमचे मुख्य योगदान छायाचित्रे हे होते. (हसू नका, त्यांत या सभागृहातले निम्मे चेहरे आहेत.)

खरी लढाई त्याआधी झाली होती. कर्जासाठी गेलो त्या पहिल्या कार्यालयातील बाईंनी, बाजे, आजी आणि थोरला मुलगा या तिघांचीही जन्मतारीख १ जानेवारी कशी, असे संशयाने विचारले. आपल्याकडे जुन्या हेडमास्तरांनी अख्ख्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातले, तसाच हा प्रकार. छावणीत तारीख ठाऊक नसली की वर्षाचा पहिला दिवस लिहीत. हे पटवून देण्यात त्या दिवसाची भेट संपली. पुढचा प्रश्न पतइतिहासाचा होता. ‘यांनी आजवर कधी कर्ज फेडले आहे का?’ असे विचारताच मुलाने पिशवीतून पावत्यांची चळत काढली. निर्वासिताला अमेरिकेत आणणारे विमानाचे तिकीट फुकट नसते. ते बिनव्याजी कर्ज असते, आल्यावर काही महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू होतात आणि त्यांची नोंद कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थांकडे जाते. त्याने एकही हप्ता चुकवला नव्हता, तरी त्या कार्यालयाने अर्ज परत केलाच. दुसरीकडे तो मंजूर झाला. घराच्या मालमत्ता-कराची पहिली पावती हाती आली तेव्हा बाजेंनी तिच्या तीन प्रती काढायला लावल्या, आणि त्यांतली एक वेगळ्या गावी राहणाऱ्या मुलीकडे पाठवली. त्याचे कारण मी विचारले नाही.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे, म्हणून ज्याच्यासाठी आपण मला बोलावले ते गणित भराभर सांगतो. मुलाचा अर्ज दुसरीकडे मंजूर झाला म्हणालो, ते म्हणजे स्वयंसेवकांच्या मदतीने गरजूंची घरे बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेकडे. १९७६ मध्ये मिलर्ड व लिंडा फुलर या दांपत्याने जॉर्जियातील अमेरिकस गावी ही संस्था सुरू केली. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ शंभर घरे बांधायला आले होते, ते तिच्याच वतीने. गरिबाकडून व्याज घेऊ नये, हे तिचे मूळ तत्त्व आहे. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकाराचे दस्तऐवज का जाळले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे तत्त्व परके वाटू नये. दीड लाख डॉलर तीस वर्षांसाठी सात टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९९८ डॉलर होतो. व्याज शून्य असेल, तर तोच सुमारे ४१७. गोदामात रात्रपाळी करणाऱ्याच्या बाबतीत घर होणार की नाही, ते या फरकावर ठरते.

घर मात्र दान मिळत नाही. कुटुंबाला काही शे तास श्रम करावे लागतात, आणि तेही केवळ आपल्याच घरावर नव्हे, तर शेजाऱ्याच्या घरावरही. शिवाय हिशेबाच्या वर्गाला बसावे लागते. हा वर्ग इंग्रजीत चालतो आणि तेथे माणसे कमी पडतात. वृद्धांपैकी अनेकांना हिंदी कळते, त्यांच्या चिठ्ठ्या देवनागरीत असतात, आणि विमा, कर, दुरुस्तीसाठी राखून ठेवायची रक्कम हे सारे समजावून सांगणारा कोणी शेजारी बसला, तर पहिल्या दोन वर्षांत हप्ता थकण्याची वेळ सहसा येत नाही. ज्यांना महिन्यातून एक शनिवार काढता येईल त्यांनी चहाच्या टेबलापाशी आपली नावे द्यावीत. हातोडा आणण्याची गरज नाही; वाचायचा चष्मा आणावा.