अलिबागची पहाट आणि पुण्याची पहाट

मंडळी, नकाशावर अलिबाग आणि पुणं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेअठरा अंशांच्या आसपास. मधलं हवाई अंतर जेमतेम 100 किलोमीटर. म्हणजे सूर्य दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. तरी जानेवारीतली पुण्याची पहाट सरासरी 11-12 अंशांची असते आणि अलिबागची तिच्याहून पाच-सहा अंशांनी उबदार. पुणं 560 मीटर उंचावर आहे, त्यामुळे गारवा असणारच, असं म्हणाल. पण मग दुपारी तेच पुणं 30 अंशांपर्यंत कसं तापतं? नुसत्या उंचीनं याचं उत्तर मिळत नाही.

खरा फरक आहे तो ऊब साठवण्याचा. जानेवारीतही कोकणालगतचा समुद्र 26-27 अंशांवर असतो. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. शिवाय किनाऱ्याच्या हवेतला ओलावा जमिनीची ऊब रात्री सहजी निसटू देत नाही. देशावर आकाश निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि जड झालेली थंड हवा नदीकाठच्या सखल भागात साचते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा राज्यात तळाला गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता हेच आकाश ढगाळू द्या. बंगालच्या उपसागराकडून ढग आले की देशावरची पहाट दोन दिवसांत पाच-सहा अंशांनी वर चढते. ढग पांगून उत्तरेचे वारे सुटले की पुन्हा कडाका. पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांवर गेला होता. मुंबईचा नीचांक 7.4 अंशांचा, 22 जानेवारी 1962 चा. हवामान खात्यानं थंडीच्या लाटेची मोजपट्टीही वेगळी ठेवली आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांपर्यंत उतरावं लागतं, किनाऱ्यावर 15 पुरतात. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण थंडी ही सवयीच्या मानानं वाजते.

ही चढउतार सगळ्यात आधी कळते ती द्राक्षबागायतदाराला. दिवस-रात्रीच्या तापमानातली दरी वाढली की पांढऱ्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात. बागायतदार त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. असा माल निर्यातीला चालत नाही, म्हणून डिसेंबरपासून घडांना कागद गुंडाळतात. एकेका घडाला, हातानं! ऐन गारठ्यात मजूर बायका हे काम करताना मी पाहिल्या आहेत. कडाका वाढला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, ठिबकचं पाणी सोडायचं. आणि ढग आले की भुरी या बुरशीच्या रोगाची धास्ती. गहू-हरभऱ्याला मात्र हीच थंडी मानवते.

म्हणून कोकणचा हिवाळा सौम्य म्हणताना मी जरा थबकतो. एक तर तिथल्या दुपारी नेहमीच सौम्य नसतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी लांबला, समुद्रावरून येणारे खारे वारे यायला उशीर झाला, की घाटावरून खाली उतरताना तापलेली पूर्वेची हवा ऐन जानेवारीत पारा 35 च्या पुढे नेते. दुसरं म्हणजे हापूस. त्याला मोहोरायला थोडी थंडी लागते आणि तेवढीच लागते. ती लांबली, तर आधीच्या मोहोरावर वाटाण्याएवढी कैरी धरलेली असताना झाड नवा मोहोर काढतं. हा पुनर्मोहोर सगळा जोर ओढून घेतो आणि धरलेली कैरी गळते. देशावरच्या माणसाला ज्या तीन-चार अंशांचं काहीच वाटत नाही, तेवढ्यानं इकडे झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो.