खडीचा हिशेब: खदानीशेजारच्या गावाला काय मागता येतं

[दृश्य: महामार्गावरून खडी भरलेले हायवा, मागे अर्धी फोडलेली टेकडी]

निवेदन:
सुरत–नागपूर महामार्ग नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत अख्खा खानदेश ओलांडतो. रस्त्याला खडी लागते, खडीसाठी काळ्या दगडाच्या टेकड्या फुटतात. शेजारच्या गावानं तक्रार केली, तर ठेकेदार मंदिराला रंग देतो, गणपतीला वर्गणी देतो, शाळेत दोन पंखे बसवतो. याला हल्ली सगळे सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. कायद्याच्या हिशेबात ती नुसती वर्गणी.

सीएसआर येतो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून. कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली एक जरी अट बसली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चावी लागते, आणि जिथे धंदा चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं लागतं. आपल्याकडचे बहुतेक क्रशर, म्हणजे दगड फोडून खडी करणारे कारखाने, एकट्या मालकाचे नाही तर भागीदारीतले. त्यांना हे कलम लागत नाही. महामार्गाचं काम घेतलेल्या मोठ्या कंपनीची स्वतःची खदान असेल, तर लागू शकतं. म्हणून पहिला प्रश्न हा, की खाणपट्टा कोणाच्या नावावर आहे? जिल्हा खनिकर्म शाखेत एका अर्जावर हे कळतं.

[दृश्य: क्रशर चालू, जवळच्या वावरात कपाशीच्या पानांवर पांढरी पूड]

निवेदन:
जे काम दुसऱ्या कायद्यानं आधीच बंधनकारक आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. क्रशरभोवती वारा अडवणारी भिंत, धूळ दाबणारे पाण्याचे फवारे, आतले पक्के रस्ते, कडेनं झाडं, हे सगळं परवान्यातच असतं. ४० मीटर अंतरावर क्रशरमुळे हवेत मिसळणारी धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. सुरुंगाच्या हादऱ्यांची मर्यादाही ठरलेली आहे: कमी वारंवारतेच्या हादऱ्याला साध्या घरापाशी सेकंदाला ५ मिलिमीटर. भिंतीला तडा गेल्यावर भांडण्यापेक्षा, तडा जायच्या आधी घरांचे तारीख असलेले फोटो काढून ठेवावेत.

पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यावीच लागते. अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सादर करायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अहवालात 'झाडे लावली' एवढंच असतं. किती जगली, हे गावानं फेब्रुवारीत मोजावं. जूनमध्ये लावलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात पाण्याविना राहिलं की संपलं. खानदेशच्या उन्हात कडुनिंब आणि करंज तग धरतात, पण त्यांनाही पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतं.

[दृश्य: ग्रामसभा]

निवेदन:
आता मुख्य पैसा. तो आहे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या गावांसाठीच्या निधीचा. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीनं हे प्रतिष्ठान आलं. महाराष्ट्रात गौण खनिजाच्या (खडी, वाळू, मुरूम) स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, १० टक्के रक्कम त्यात जमा होते. ब्रासला (शंभर घनफूट) ६०० रुपये रॉयल्टी धरली, तर ६० रुपये. विनापरवाना उचललेल्या ब्रासवर शून्य. तापी-गिरणेची चोरटी वाळू अशा रीतीनं नदीबरोबर गावाच्या निधीलाही खाते.

हा निधी मागायला ग्रामसभेचा ठराव लागतो. नुसता ठराव मात्र फायलीतच पडून राहतो. सोबत अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जागेचा उतारा आणि पुढच्या देखभालीचं खातं कोण सांभाळणार, हे जोडावं. कमान आणि सभामंडप मागणाऱ्या गावांनी लक्षात घ्यावं की या निधीच्या २०१५ च्या केंद्रीय योजनेत किमान ६० टक्के रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांसाठी राखलेली होती.

सगळ्यात जास्त मागणी पाण्याच्या आरओ यंत्राची, आणि सगळ्यात जास्त बंद पडलेलं दिसतं तेही तेच. जड पाण्यात यंत्रातल्या गाळणाऱ्या पडद्यावर क्षार बसतात. आधीची गाळणी वेळेवर बदलली नाही तर पडदा आणखी लवकर चोंदतो. वीजबिल थकलं की कुलूप. शिवाय आरओ आत घेतलेल्या पाण्याचा मोठा भाग खारं पाणी म्हणून बाहेर टाकतं. ते गटारात गेलं तर बोअरचा उपसा उगाच वाढतो. मागणीपत्रात यंत्राच्या किमतीइतकंच महत्त्व दोन ओळींना आहे: दर लिटरचा दर, आणि तीन वर्षांचा देखभाल करार. त्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी, कारण नुसतं गढूळ पाणी असेल तर वाळूची गाळणी आणि क्लोरीन पुरतं.

नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागात गावाच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. हे १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात, आहे. अटी घालायच्या त्या शिफारशीतच घालाव्यात, सही झाल्यावर नाही.

[दृश्य: पाण्यानं भरलेली जुनी खदान]

निवेदन:
आणि शेवटी खड्डा. कडक दगडात पायरीची उंची ६ मीटरच्या आत, आणि रुंदी उंचीइतकी तरी हवी. सरळ कडा सोडून गेलेल्या खदानीत पावसाळ्यात पाणी साठतं, पोरं पोहायला उतरतात आणि वर चढायला जागा नसते. कुंपण, एका बाजूचा उतार आणि धोक्याची पाटी, ही तीन कामं पट्टा संपायच्या वर्षभर आधी ग्रामसभेत लेखी मागावीत, कारण यंत्रं हलली की ठेकेदाराचा फोन लागत नाही.